पंचवीस अंशांचा समुद्र

पुढे जे सांगणार आहे त्यातला सर्वांत महत्त्वाचा अर्धा तास मी पाहिलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी "मग नक्की झाले काय?" असे कुणी मला विचारणार नाही. त्या वेळी मी शेजारच्या सौसर गावाला होते आणि घरात आईशिवाय कोणी नव्हते. बाकीचे किस्से माझ्या डोळ्यांदेखत घडलेले आहेत आणि त्यांतले बरेचसे माझ्या वहीत तारीखवार आहेत. एखाद्या साध्या घरात एक विचित्र वस्तू आणून ठेवली की किस्से शोधावे लागत नाहीत. ते तिच्याभोवती क्षार धरावेत तसे आपोआप धरतात. आमच्या घरातली ती वस्तू म्हणजे समुद्र.

पांढुर्ण्याला समुद्र कुठून आला, ते आधी सांगायला हवे.

राज्यांची पुनर्रचना झाली त्या वर्षीची ही हकीकत. मी नागपूरहून प्राणिशास्त्राची एम.एस्सी. करून पांढुर्ण्याला मुलींच्या शाळेत शिकवत होते. वडील जाऊन काही वर्षे झाली होती. घरात मी आणि आई. हिवाळ्यात माझ्या जुन्या प्राध्यापकांच्या सहलीबरोबर मी कोकण किनाऱ्यावर गेले. त्यांना आम्ही नुसते 'सर' म्हणत असू. परतताना सरांनी खडकावरची सहा समुद्रफुले डब्यात घालून माझ्या स्वाधीन केली. नावाला फूल, प्रत्यक्षात प्राणी. खडकाला चिकटून बसतो, पाकळ्यांसारखे हात पसरून भक्ष्य धरतो आणि बिथरला की मिटून सुपारीएवढा होतो.

सरांच्या नागपूरच्या कॉलेजात समुद्री प्राणी फक्त फॉर्मॅलिनच्या बाटल्यांत होते. तिथे डेमॉन्स्ट्रेटरची एक जागा भरायची होती. सर म्हणाले, समुद्रापासून इतक्या दूर, घरी तयार केलेल्या पाण्यात, नोव्हेंबरअखेरपर्यंत एक जरी जिवंत ठेवून दाखवलेत, तर कमिटीपुढे तुमचेच नाव ठेवीन. नागपूर कोणत्या राज्यात जाणार आणि आम्ही कोणत्या, याची चर्चा तेव्हा किराणा दुकानापासून कचेरीपर्यंत चालू होती. पुढच्या वर्षी पलीकडच्या राज्यातल्या उमेदवाराला कोणी विचारील की नाही, हे सरांनाही ठाऊक नव्हते. म्हणजे मला वर्ष एकच होते, आणि जीव सहा.

*

घराच्या मागच्या पडवीत मी व्यवस्था लावली. लोणच्याच्या दोन मोठ्या चिनी मातीच्या बरण्या. एक गोडी: तिच्यात जाम नदीचे उकळून गाळलेले पाणी, आणि आषाढानंतर पावसाचे. दुसरी खारी: तिच्यात मीठ विरघळवायचे, घुसळायचे, दिवसभर निवळू द्यायचे आणि चौपदरी फडक्यातून गाळून काचेच्या टाकीत घालायचे. टाकी स्थानिक टिनवाल्याने पत्र्याच्या चौकटीत चार काचा लांबीच्या लुकणाने बसवून केली होती. घुसळायला आईची जुनी, दोन दोऱ्यांची रवी पडवीच्या खांबाला बांधून घेतली. रवीने मीठ तर विरघळतेच, शिवाय पाण्यात हवा मिसळते. हे मी आईला सविस्तर समजावले.

ती पदराला हात पुसत रवीजवळ आली. मग म्हणाली, "ताक नाई, लोणी नाई. नुसतंच घुसळून राहिली."

समुद्र म्हणजे केवळ मीठ नव्हे. त्यात मॅग्नेशियमचा एक क्षार लागतो, आणि तो आमच्याकडे एकाच ठिकाणी मिळे: दवाखान्यात, जुलाबाचे मीठ म्हणून. कंपाउंडर वासुदेवरावांकडे मी चार पौंड मागितले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"बाई, घरी मानसं किती?"

"दोन."

त्यांनी मीठ तोलले. पुडा निमूट बांधून दिला आणि वर, पैसे न घेता, थोडी बडीशेप दिली. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून, प्रकृती बरी नसेल तर दोन दिवस रजा घ्या, असे अत्यंत कोमल आवाजात सुचवले. पुडा कशासाठी होता ते मी त्यांना सांगितले. त्यांचा चेहरा अधिकच कोमल झाला.

*

पाणी किती खारे, हे मोजायचे कशाने? योग्य उपकरण नागपूरला होते आणि सर ते देऊ शकत नव्हते. मदत केली सॅनिटरी इन्स्पेक्टर शुक्ला यांनी. जबलपूरकडचा हा गृहस्थ रोज सकाळी गवळ्यांचे दूध तपासत नाक्यावर उभा असे. त्याच्याकडे लॅक्टोमीटर होते. ही काचेची नळी साध्या पाण्यात शून्यावर बुडते, चांगल्या दुधात तीसच्या आसपास तरंगते. समुद्राचे पाणी तिच्यावर पंचवीस दाखवते. म्हणजे शुक्लाजींच्या दृष्टीने समुद्र हे पाणी घातलेले दूध होते.

दर रविवारी ते नळी घेऊन येत, मी तापमानाची दुरुस्ती करी आणि वहीत चार रकाने भरी: तारीख, रीडिंग, साधन, घेणाऱ्याचे नाव. तिसऱ्या रकान्यात सदैव 'लॅक्टोमीटर' हा एकच शब्द येई, म्हणून शुक्लाजी म्हणत की तो रकाना वाया जातो आहे. मी म्हणे, ज्या दिवशी दुसरे साधन वापरले जाईल त्या दिवशी तो उपयोगी पडेल.

एप्रिलच्या एका रविवारी त्यांनी नळी टाकीत सोडली, वाकून पाहिले, पुन्हा पाहिले आणि टोपी काढली. "बहनजी, इकतीस! पूरे पांढुर्णा में इतना शुद्ध दूध नहीं है."

मला हसू आले नाही. एकतीस म्हणजे सहाही जीव एक-दोन दिवसांत गेले असते. तीन तर मिटून कडक झालेच होते. कारण आईने सांगितले, तेही अभिमानाने. उन्हाळ्यामुळे टाकीतले पाणी आटत होते, म्हणून ती रोज दुपारी खाऱ्या बरणीतले तांब्याभर पाणी भर घालत होती.

"समुद्र कमी झाला, तं समुद्रच टाकणार नं?"

तिच्या म्हणण्यात तर्काची चूक नव्हती, माहितीची होती. पाणी आटते, मीठ आटत नाही. भर घालायची ती गोड्या पाण्याची. मी हे तिला एकदा समजावले आणि तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतले. तेव्हापासून गोडी बरणी तिने आपली मानली. पुढे जे झाले त्याची सुरुवात इथे आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

*

आईची जीभ हा माझ्या वहीतला सर्वांत गैरसोयीचा भाग आहे.

जूनमध्ये एकदा ती खाऱ्या बरणीतल्या पाण्याचा थेंब जिभेवर ठेवून म्हणाली, "आज जास्त झालं." शुक्लाजींची नळी दुपारी आली आणि तिने सत्तावीस दाखवले. मी याला योगायोग म्हटले. पुढच्या रविवारी तीन वाट्या भरल्या, तेवीस, पंचवीस आणि सत्तावीस अंशांच्या. आईला खुणा कळू नयेत म्हणून त्यांच्या जागा शुक्लाजींनी बदलल्या. आईने तिन्ही चाखल्या, मधली वाटी बोटाने पुढे ढकलली आणि म्हणाली, "हे तुयं पाणी." ती पंचवीसची होती. आम्ही हा प्रयोग तीन वेळा केला. तिन्ही वेळा ती बरोबर आली. तीन हा आकडा पुरावा म्हणून पुरेसा नाही, असे मी वहीत लिहिले आहे.

चौथी वेळ झाली नाही. त्या रविवारी एकादशी होती. मी वाट्या मांडल्या तशी आई दोन पावले मागे सरली.

"आज समुद्राचं मीठ जिभेले नाई."

"गिळायचं नाही, आई. चाखायचं आणि थुंकायचं."

"जिभेवर ठेवलं म्हंजे झालंच. सैंधव असन तं सांग, चाखतो."

वडील गेल्यापासून एकादशीला तिच्या तोंडात भगर आणि सैंधव याखेरीज काही गेलेले मी पाहिले नव्हते. तापातही नाही. शुक्लाजींनी तत्परतेने वाट्या उचलल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, की यंत्राला उपास नसतो, एवढाच त्याचा माणसापेक्षा फायदा.

*

सावरगावचे धोंडबाजी हे आमचे संत्रीवाले. नदीपलीकडे त्यांची बाग होती; वय सत्तरीच्या पुढे. समुद्राची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली आणि एका अमावास्येला ते रिकामा लोटा घेऊन दारात उभे राहिले. रामेश्वराला जायचे राहून गेले होते, आता गुडघे नेत नव्हते. डोक्यावर घालायला लोटाभर समुद्र हवा होता.

मी त्यांना पायरीवर बसवून नीट सांगितले, की हा समुद्र नव्हे. ह्यात किराणा दुकानातले खडेमीठ आहे, दवाखान्यातले जुलाबाचे मीठ आहे, खाण्याचा सोडा आहे आणि जाम नदीचे पाणी आहे. त्यांनी सगळे लक्षपूर्वक ऐकले. मग पडवीत जाऊन टाकीसमोर उकिडवे बसले. सहाही फुले उमलली होती.

"बाई, हे यायले सांगतलं का तुम्ही?"

त्यांनी फुलांकडे बोट केले.

"ते जीव याले समुद्रच समजून राहिले नं? मंग मी कोन?"

मी लोटा भरून दिला. त्या दिवशीच्या रकान्यांत ह्या लोटाभर पाण्याची नोंद 'गळती' अशी आहे.

*

नवे राज्य आणि दिवाळी एकाच आठवड्यात आली. नागपूर तिकडे गेले, आम्ही इकडे राहिलो. शाळेत झेंडावंदन झाले, पेढे वाटले, आणि अर्ध्या शिक्षकांचे पेढे टेबलावरच राहिले. आईने एवढेच विचारले, की नागपूरला जायला आता कागद लागतो का. नाही, म्हणून मी सांगितले. "आज नाई लागत," ती म्हणाली.

शुक्लाजींची बदली झाली. निघताना ते नळी घेऊन आले, मखमली डबीसकट. मी म्हटले, सरकारी वस्तू मी कशी ठेवू?

"बहनजी, सरकारी तो है. किस सरकार की है, यह तय होने तक आपके पास रहने दीजिए."

आजवर कोणी ते ठरवायला आलेले नाही.

*

आता तांब्याची गोष्ट. ही मला सांगायला आवडत नाही.

दिवाळीची भांडी घासताना आईला गोड्या बरणीत डासांच्या अळ्या दिसल्या. ते पाणी तिने फडक्यातून गाळले. मग घरातले सर्वांत शुद्ध भांडे काढले: देवाच्या स्नानाचे पाणी ठेवायचे तांब्याचे घंगाळ. चिंचेने लखलखीत घासले आणि पावसाचे ते पाणी तीन दिवस त्यात ठेवले. मग पुन्हा बरणीत ओतले, आणि नियमाप्रमाणे टाकीत गोड्या पाण्याचीच भर घातली.

माणसाला जे पाणी पवित्र, ते समुद्रफुलाला विष. तांब्याचा अंश त्याला सोसत नाही. दोन दिवसांत पाच फुले खडकावरून सुटली. मला कारण कळेना. मी बरणीतले तांब्याभर पाणी आटवून चमचाभर केले आणि त्यात अमोनियाचे थेंब सोडले. पाणी निळे झाले, म्हणजे त्यात तांबे होते.

सहावे फूल मिटलेले होते, पण खडकाला धरून होते.

मी आईला जे बोलले ते इथे लिहीत नाही. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "देवाले ज्यात ठेवतो, त्यातच ठेवलं व पोरी." आणि थोड्या वेळाने, मी न विचारता: "फुलं मरो असं मले वाटत नाई, शांते. तू जाऊ नये, असं वाटते. खोटं काहून बोलू?"

ही दोन वाक्ये तिने एका पाठोपाठ बोलायला नको होती. त्या दिवसापासून मला 'तू जाऊ नये' हे दुसरे वाक्य आधी आठवू लागले. मी सगळे पाणी फेकले, नदीचे पाणी उकळून नवे केले, आणि पडवीच्या भिंतीवर खडूने ठळक लिहिले: 'माझ्याशिवाय कोणी हात लावू नये.' त्या घरात माझ्याशिवाय एकच माणूस होते, आणि त्याला वाचता येत नव्हते. म्हणून ते मी तिला वाचूनही दाखवले.

*

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सौसरला शिक्षकांची दोन दिवसांची बैठक लागली: नवे राज्य, नवा अभ्यासक्रम. टाळता येण्यासारखी नव्हती. ती संपली की दुसऱ्याच दिवशी सर नागपूरहून येणार होते. निघण्यापूर्वी मी खाऱ्या बरणीत दाट पाणी करून ठेवले, नळीची मापे संपतील इतके दाट. परत आल्यावर गोडे पाणी घालून, मोजून ते पंचवीसवर आणायचे होते. सहावे फूल टाकीत पुन्हा अर्धे उमलू लागले होते. आईला मी सांगितले, की टाकीकडे फक्त बघ. लॅक्टोमीटर डबीत घालून माझ्या पिशवीत ठेवले. ते घरी ठेवायला हरकत नव्हती. मी ठेवले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या मोटारीने मी परतले. पायरीवर धोंडबाजींची संत्र्यांची टोपली होती. पडवीची फरशी ओली होती आणि टाकी रिकामी. खालची लांबी सुटून काच सरकली होती. फूल टाकीत नव्हते. ते ओट्याच्या कडेला, लिंबाच्या लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत, आपल्या दगडासकट होते. पूर्ण उमललेले. तांब्याची गोष्ट झाल्यापासून मी ते तसे पाहिले नव्हते.

मी पिशवीतून नळी काढली. तापमान घेतले, दुरुस्ती केली, पुन्हा वाचले. पंचवीस.

आई स्वयंपाकघरात भगर निवडत होती.

"काय केलंस?"

"गळून राहिली होती. दाट पाण्यात गोडं टाकलं, घुसळलं, त्याले ठेवलं."

"मोजलं कशानं?"

"कशानं मोजू? तुयी नळी तं तू घेऊन गेल्ती."

ती पुन्हा भगर निवडू लागली. मी बरणीला आतून-बाहेरून खूण शोधली, नव्हती. तांब्याने मोजून ओतले म्हणावे, तर दाट पाण्याचे प्रमाण तिला ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. योगायोगाने पंचवीस येऊ शकते. ती शक्यता मी नाकारत नाही. आठवड्याने धोंडबाजींना विचारले. ते म्हणाले, टोपली ठेवली तेव्हा आतून रवीचा आवाज येत होता, मध्येच थांबत होता, पुन्हा येत होता. दुसऱ्या कुणाचा आवाज नव्हता. त्यांनी हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सर आले. चष्मा पुसून दहा मिनिटे बरणीसमोर बसले. मग बोटाने हलकेच स्पर्श केला. फूल मिटले, आणि थोड्या वेळाने पुन्हा उमलू लागले. सर उठले आणि म्हणाले, "आठवड्याभरात पत्र येईल. सामान बांधायला घ्या." आईने ते ऐकले आणि पाने मांडली.

सरांना आणि मला तिने वरण, भात, वांग्याची भाजी, पोळी वाढली. स्वतःच्या ताटात भगर घेतली आणि सैंधवाची डबी जवळ ओढली.

"आई, आज द्वादशी आहे."

"मले माहीत हाये. तू जेव."

सरांनी अदबीने विचारले, आईंचा आज कसला उपास. तिने ताटाकडे बघतच उत्तर दिले. "हाये एक."

सर गेल्यावर मी पंचांग काढून पाहिले. त्या पक्षात एकादशी एकच होती, स्मार्त आणि भागवत असा दोन दिवसांचा भेद नव्हता, आणि ती आदल्या दिवशी, टाकी गळाली त्याच दिवशी होती. मग वही उघडली. तारीख लिहिली. रीडिंग, पंचवीस. घेणाऱ्याचे नाव म्हणून आईचे नाव लिहिले. साधनाचा रकाना अजून कोरा आहे.